पन्नास टक्के, शून्य टक्के आणि कुंभाराचं गाढव

भोपाळच्या नेहरू नगरात साठी ओलांडलेली मराठी मंडळी बरीच आहेत. कुणी भेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेलं, कुणी पूर्वीच्या मॅक्ट या अभियांत्रिकी महाविद्यालयातून म्हणजे आताच्या मॅनिटमधून, कुणी राज्य सरकारच्या कचेऱ्यांतून. सगळी शिकलेली, वाचणारी माणसं. फ्लूच्या लसीचा विषय निघाला तर ‘सुई टोचली की फ्लूच होतो’ असलं काही इथे कुणी म्हणत नाही. इथला आक्षेप विद्वत्तेचा आहे आणि तो साधारण असा असतो: म्हाताऱ्या माणसाला ही लस दवाखान्यात भरती होण्यापासून वाचवते, याला पुरावा नाही. जो होता तो अमेरिकेतल्याच संशोधकांनी निकालात काढला. इंग्लंडात पासष्टीच्या उंबरठ्यावर तपासून पाहिलं, काही फरक दिसला नाही. डेन्मार्कमध्ये तीन लाखांवर माणसांवर चाचणी झाली, तिथेही नाही. मग दर वर्षी हजार-दोन हजार रुपये कशासाठी घालवायचे?

असल्या आक्षेपाला ‘डॉक्टर सांगतात म्हणून घ्या’ हे उत्तर चालत नाही. त्यातली पहिली तीन विधानं जवळजवळ खरी आहेत, चौथं अर्धवट वाचलेलं आहे, आणि या सगळ्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. नेमकं कुठे घसरलं ते पाहायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. लसीच्या जाहिरातफलकांचा बचाव करायला मी बसलेलो नाही. त्या फलकांवरचे मोठे आकडे खोटेच होते.

१९५७च्या आशियाई फ्लूच्या साथीनंतर १९६० साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी शिफारस केली की पासष्टीपुढच्या सर्वांनी दर वर्षी लस घ्यावी. पुरावा होता तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या तरुण सैनिकांवरच्या चाचण्यांचा. म्हाताऱ्यांवर तशी भक्कम चाचणी झालेली नव्हती. शिफारस आधी आली, पुरावा मागाहून शोधायचा होता, आणि शिफारशीनंच तो शोध अडवून धरला. सरकार जी लस ‘घ्या’ म्हणतं ती निम्म्या लोकांना चाचणीसाठी न देता नुसतं पाणी टोचणं नीतीला धरून नाही, असं मानलं जाऊ लागलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचा रस्ता बंद झाला. मग उरलं इतकंच की ज्यांनी आपणहून लस घेतली आणि ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या दवाखान्यांच्या नोंदी पडताळायच्या.

या नोंदींतून डोळे दिपवणारे आकडे निघाले. मिनिॲपोलिसच्या क्रिस्टिन निकल यांचा १९९४चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्याहून मोठा २००७ सालचा: दहा हंगाम, आणि एका माणसाचा एक हंगाम असा हिशोब धरला तर सात लाखांवर नोंदी. लस घेतलेल्यांत न्यूमोनिया आणि फ्लूसाठी भरती होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी, आणि कोणत्याही कारणानं होणारे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी. जरा थांबून पाहिलं तर हे दोन आकडे एकमेकांशी भांडतात. ज्या आजारावर लस दिली त्यासाठीची भरती चतुर्थांशानं घटली, आणि सगळ्या कारणांचे मिळून मृत्यू मात्र निम्मे झाले! म्हणजे फ्लूची लस कॅन्सर आणि पक्षाघातही आवरते की काय?

लोन सिमन्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाच धागा दुसऱ्या टोकानं ओढला होता. अमेरिकेत १९८०च्या आधी पासष्टीपुढच्या लोकांपैकी फार तर १५ टक्के लस घेत असत. २००१ पर्यंत ते प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. लसीमुळे हिवाळ्यातले निम्मे मृत्यू टळत असते तर मृत्यूंचा आलेख धाडकन खाली यायला हवा होता. तो आला नाही. आणि त्यांच्या हिशोबानं हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंपैकी फ्लूचे मृत्यू दहा टक्क्यांहूनही कमी. दहातून पन्नास कसे वजा करायचे?

पण खरा घाव घातला सिॲटलच्या लिसा जॅक्सन यांनी, २००६ मध्ये. त्यांनी ७२,५२७ वृद्धांच्या आठ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि एक साधा प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: फ्लूची साथ सुरू होण्याआधी काय दिसतं? लस टोचून झाली आहे, पण गावात फ्लू अजून आलेला नाही. या काळात लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक दिसायला नको. दिसला तो असा: साथीच्या आधी लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी, साथीत ४४ टक्क्यांनी कमी, साथ ओसरल्यावर २६ टक्क्यांनी कमी. फ्लू नसतानाच लस सर्वांत जास्त ‘वाचवत’ होती.

आपल्या नैयायिकांनी याला फार जुनं नाव देऊन ठेवलं आहे. कुंभाराच्या घरी माती गाढवावरून येते. घडा घडतो तिथे गाढव असतं, गाढव दिसलं की घडाही दिसतो. म्हणून गाढवाला घड्याचं कारण म्हणायचं का? नाही, ते अन्यथासिद्ध आहे. घडा त्याच्यावाचूनही सिद्ध होतो, ते नुसतं जवळ उभं असतं. अमेरिकेच्या नोंदींतलं गाढव म्हणजे माणसाची चालती-फिरती अवस्था. जो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाऊन दंड पुढे करू शकतो, तो येत्या तीन महिन्यांत मरण्याची शक्यता तशीही कमी. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याचे शेवटचे महिने चालले आहेत, त्याला फ्लूची लस टोचायला कुणी घेऊन जात नाही. लस घेतलेले जास्त जगले ते आधीच धडधाकट होते म्हणून, आणि श्रेय मात्र लसीच्या खात्यात जमा झालं.

इथपर्यंत पूर्वपक्ष जिंकला आहे. पण त्यानं काय सिद्ध केलं? पन्नास टक्क्यांचा आकडा गाढवानं फुगवलेला होता, इतकंच. गाढव बाजूला काढल्यावर चाकावर खरोखर किती घडे निघतात, हे अजून मोजायचं राहिलं आहे. ते शून्य आहेत असं गाढवाच्या शोधातून निघत नाही. आमची मंडळी घसरतात ती इथे. खोट्या पन्नासाचं खंडन झालं की शून्याचं मंडन आपोआप झालं, असं त्यांना वाटतं.

गाढव बाजूला काढायची रीत आपल्या भूमीला नवी नाही. मुंबईत प्लेग असताना वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात आपली लस टोचली ती पुढे आलेल्या कैद्यांना. टोचलेल्यांत रोगी कमी निघाले. पण आपणहून पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी सारखे होते कशावरून? म्हणजे सिॲटलचाच पेच, एकशे दहा वर्षं आधी. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, बडोद्याजवळच्या उंडेरा गावी हाफकिननी रीत बदलली. प्रत्येक कुटुंबातले अंदाजे निम्मे लोक टोचायचे, निम्मे सोडायचे. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला तिथल्या टोचलेल्या ७१ जणांत आठ आजारी पडले आणि तीन गेले. न टोचलेल्या ६४ जणांत सत्तावीस आजारी पडले आणि त्यांतले सव्वीस गेले. असा निकाल वाचताना गाढवाची शंका मनात येत नाही.

फ्लूच्या लसीवर वृद्धांत अशी चाचणी झाली ती मुख्यतः नेदरलँड्समध्ये, १९९१-९२च्या हंगामात. साठीपुढचे १,८३८ लोक, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं पाणी. रक्ततपासणीनं पक्का झालेला फ्लू पाणी टोचलेल्यांत ९ टक्के, लस टोचलेल्यांत ४ टक्के. कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये अशा आठ चाचण्यांची बेरीज केली, त्यांत पाच हजारांवर वृद्ध आले. फ्लू सहा टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर उतरला. म्हणजे साधारण तीस वृद्धांना टोचलं तर एकाचा फ्लू टळतो. लस फ्लू टाळते हे इथे गाढवाशिवाय दिसतं. पण भरतीचं काय? त्यावर कॉक्रेनला ठाम उत्तर देता आलं नाही, आणि आमचे आक्षेपक नेमकं तेवढंच वाक्य उचलतात.

उत्तर का देता आलं नाही याचा हिशोब घरबसल्या करता येतो. समजा एका हंगामात हजार वृद्धांमागे चार जण फ्लूनं भरती होतात, आणि लस त्यांतले दीड वाचवते. चाराऐवजी अडीच. हा फरक योगायोगाचा नाही असं छातीठोक म्हणायला चाचणीत निदान पंचेचाळीस-पन्नास हजार माणसं लागतील. नेदरलँड्समध्ये होती अठराशे. अठराशे माणसांत भरतीचा फरक दिसला नाही याचा अर्थ चाळणीची भोकं मोठी होती, एवढाच. पुरावा नसणं आणि नसल्याचा पुरावा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे भेलच्या तपासणी विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. पण सांगावं लागतं.

याच हिशोबात इंग्लंडच्या अभ्यासाचं उत्तरही दडलं आहे. अँडरसन, डॉबकिन आणि गॉरी यांचा हा २०२०चा अभ्यास मला मनापासून आवडतो, कारण त्यातली युक्ती सुरेख आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पासष्ट पूर्ण झाली की लस फुकट आणि आग्रहानं मिळते, त्यामुळे त्या वयाला लस घेणाऱ्यांचं प्रमाण एकदम उडी मारतं. चौसष्ट वर्षं अकरा महिन्यांचा माणूस आणि पासष्ट वर्षं एक महिन्याचा माणूस यांत बाकी काहीच फरक नसतो. म्हणजे उंबरठ्याच्या दोन बाजूंची तुलना ही जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखीच झाली. गाढव दाराबाहेर राहिलं. २००० ते २०१४ या काळात भरती आणि मृत्यू दोन्हींत त्या उंबरठ्यावर काही उतार दिसला नाही.

यातून काय ठरलं? मोठा परिणाम नाही, हे नक्की ठरलं. पण मुख्यतः मोजलं काय होतं ते पाहा: सगळ्या कारणांच्या भरती. शंभर भरतींमागे फ्लूमुळे झालेल्या तीन धरा. लसीनं त्यांतल्या चाळीस टक्के टाळल्या, तर शंभराच्या ९८.८ होतील. त्यात उंबरठ्यावर सगळे जण लस घेऊ लागत नाहीत, फक्त काही नव्यानं घेऊ लागतात; म्हणजे तो सव्वा टक्काही आणखी विरळ होतो. तो आलेखावर डोळ्यांना दिसेल कसा? सिमन्सन यांनी पन्नास टक्के कापले ते याच सुरीनं: एकूण मृत्यूंत फ्लूचा वाटाच थोडा, मग घट मोठी कशी? तीच सुरी इंग्लंडच्या शून्यावरही चालते: एकूण भरतीत फ्लूचा वाटाच थोडा, मग घट दिसणार कशी? सुरी एका बाजूनं वापरायची आणि दुसऱ्या बाजूनं म्यानात घालायची, हे वादाच्या नियमांत बसत नाही. शिवाय उंबरठ्यावरची माणसं पासष्टीची, म्हणजे वृद्धांतली सर्वांत धडधाकट. ऐंशीच्या दमेकऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाहीत.

डेन्मार्कची गोष्ट तर सरळ चुकीची वाचली गेली आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ३,३२,४३८ वृद्ध होते, तीन हंगामांत मिळून. पण तिथे ‘लस की पाणी’ असा सवाल नव्हताच. लस सगळ्यांनाच दिली: काहींना नेहमीची, जिच्यात प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, आणि काहींना चौपट मात्रेची. फ्लू किंवा न्यूमोनिया यांसाठी भरती ०.७३ टक्क्यांवरून ०.६८ टक्क्यांवर आली, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसला. म्हणून निकाल ‘फरक नाही’ असा लागला, आणि तो नेहमीच्या लसीपेक्षा चौपट लसीत फरक नाही, एवढाच. यावरून नेहमीची लस कुचकामी ठरवणं हे वाचनच नव्हे.

त्या चाचणीच्या पोटात आणखी एक आकडा आहे. नुसत्या फ्लूच्या निदानानं झालेल्या भरती पाहिल्या तर ०.११ टक्क्यांवरून ०.०६ टक्क्यांवर आल्या, म्हणजे जवळपास निम्म्यावर. हा चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून त्यावर महाल बांधू नये. पण दिशा लक्षात येते. न्यूमोनियाच्या ढिगात फ्लू थोडासाच असतो. ढीग मोजला तर फरक बुडतो, फ्लू वेगळा काढला तर तरंगतो. स्पेनच्या गॅलिसियात झालेल्या लाखभर माणसांच्या तशाच चाचणीची बेरीज डेन्मार्कशी केली, तर फ्लू-न्यूमोनियाच्या भरतीतही चौपट मात्रेनं सुमारे नऊ टक्के घट दिसते.

मग नेहमीची लस, जी आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात मिळते, ती भरती किती टाळते? यासाठी गेल्या वीस वर्षांत एक वेगळी रीत रुळली आहे. खोकला-ताप-धाप घेऊन भरती झालेल्या सगळ्यांच्या नाकातला नमुना तपासायचा. फ्लू निघाला ते एका बाजूला, फ्लू नसून दुसरं काही निघालं ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे लस घेतलेले किती ते पाहायचं. दोन्ही गट दवाखान्यात पोचलेले, दोन्ही आजारी. चालू शकणारा विरुद्ध खिळलेला हा भेद पुष्कळसा गळून पडतो. पुष्कळसा म्हणतो, सगळा नव्हे. चिठ्ठ्यांची बरोबरी ही रीत करू शकत नाही. रोंडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा अभ्यासांची बेरीज केली. फ्लूनं भरती होण्यापासून संरक्षण अठरा ते चौसष्ट वयात ५१ टक्के, पासष्टीपुढे ३७ टक्के. त्या ३७ची खरी पट्टी ३० ते ४४.

आणि एक आतली गोष्ट. वृद्धांना सर्वांत जास्त छळणारा विषाणू म्हणजे एच३एन२. लसीतला आणि गावातला एच३एन२ जुळला त्या वर्षी वृद्धांचं संरक्षण ४३ टक्के. तो रूप बदलून आला त्या वर्षी १४. म्हणजे एखादं वर्ष जवळजवळ वाया जातं, हे मान्य केलंच पाहिजे. कोणतं वर्ष वाया जाणार हे टोचताना कळत नाही, हेही.

तर सरासरी तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त. पन्नास नव्हे, शून्यही नव्हे. नेहरू नगरात हजार वृद्ध धरले तर वर धरलेल्या हिशोबानं वर्षाकाठी एखाद-दुसरी भरती टळेल. ती कुणाची टळली हे कुणालाच कळणार नाही, त्याला स्वतःलाही नाही. म्हणून ‘मी दहा वर्षं घेतली नाही, मला काय झालं?’ आणि ‘त्यांनी घेतली तरी ताप आलाच’ ही दोन्ही वाक्यं खरी असूनही वादात निरुपयोगी आहेत. एका मोहल्ल्याच्या अनुभवात मावेल इतका हा फरक मोठा नाही. पण २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते. हजारी दीड या हिशोबानं दहा कोटींत दीड लाख भरती टळतात. दीड लाख खाटा म्हणजे क्षुल्लक नव्हेत.

आमच्याकडच्या हुशार मंडळींचा पुढचा प्रश्न रास्त असतो: हे सगळे गोऱ्यांचे आकडे, आपलं काय? याला अर्धं उत्तर आहे. हृदय कमजोर झालेल्या ५,१२९ रुग्णांवर दहा देशांत चाचणी झाली, त्यांत भारत होता. निकाल २०२२ मध्ये आला. सरासरी वय सत्तावन्न, म्हणजे सगळे वृद्ध नव्हेत. निम्म्यांना लस, निम्म्यांना पाणी, चिठ्ठ्या टाकून. मुख्य प्रश्नावर, म्हणजे हृदयविकारानं मृत्यू, हृदयाचा झटका, पक्षाघात यांच्या बेरजेवर, लस जिंकली नाही: १६ टक्क्यांचे १४.८, योगायोगाच्या हद्दीत. पण न्यूमोनिया ४२ टक्क्यांनी कमी झाला आणि कोणत्याही कारणानं होणारी भरती १६ टक्क्यांनी. दुय्यम प्रश्नांची उत्तरं म्हणून ती जपूनच घ्यायची. मला मात्र त्या निकालातली एक बाब सर्वांत बोलकी वाटते: लसीचा फायदा दिसला तो फ्लूचा जोर असलेल्या महिन्यांत. जॅक्सन यांच्या नोंदींत तो साथ नसताना सर्वांत जास्त होता. इथे तो जिथे असायला हवा तिथे सापडला. चिठ्ठ्या टाकल्या की गाढव असं वेगळं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर महिन्यांचं आहे, आणि इथे आम्ही भोपाळकर खरोखर नुकसान करून घेतो. परदेशातली मुलं ऑक्टोबरात फोनवर आठवण करून देतात, ‘बाबा, फ्लू शॉट घेतलात का?’ त्यांच्याकडे हिवाळा येऊ घातलेला असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या मनदीप चड्ढा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये देशातल्या निरनिराळ्या शहरांचा फ्लूचा मोसम मांडून दाखवला. श्रीनगरात तो युरोपासारखा हिवाळ्यात येतो, दिल्ली-पुण्यासह बहुतेक भागात जुलैपासून पुढे, पावसाबरोबर, चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरात. भोपाळ पावसाळी पट्ट्यातलं. इथे मे-जूनमध्ये टोचायला हवं, आणि ते दक्षिण गोलार्धासाठी बनवलेलं त्या वर्षाचं मिश्रण असायला हवं, जे आपल्याकडे उन्हाळ्यात बाजारात येतं. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. दुकानदाराला विचारायला लाजू नये.

पण एवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे पावसाळ्याची लाट जाते आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुष्कळदा दुसरी येते. २०१५ची एच१एन१ची मोठी साथ वर्षाच्या सुरुवातीलाच पेटली. त्या वर्षी देशात ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले, आणि मध्य प्रदेश होरपळलेल्या राज्यांत होता. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तो एच३एन२, वृद्धांचा वैरी. तेव्हा आयसीएमआरनं सांगितलं होतं की एच३एन२नं भरती झालेल्यांपैकी दहा टक्क्यांना प्राणवायू लागतो आणि सात टक्क्यांना अतिदक्षता विभाग. लसीचं संरक्षण महिन्यागणिक उतरत जातं, वृद्धांत जास्त वेगानं. मे महिन्यात टोचलेली लस ऑगस्टला जोरात असते, फेब्रुवारीत मरगळलेली. वर्षाला एकच मात्रा परवडणार असेल तर पावसाळा निवडावा, असं माझं मत आहे. पण याच ठिकाणी आक्षेपकांनी बोट ठेवलं असतं तर मी त्यांना जास्त मान दिला असता. आपल्या दोन लाटांच्या देशात एका मात्रेचं गणित युरोपाइतकं स्वच्छ बसत नाही, हा खरा कच्चा दुवा आहे.

भोपाळचा म्हणून एक मुद्दा वेगळा काढायला हवा. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू ज्यांच्या छातीत गेला, त्यांतले तेव्हाचे तिशीचे आज सत्तरीत आहेत. जुन्या शहरातून पुढे इकडे राहायला आलेली अशी माणसं आमच्याही गल्ल्यांत आहेत. त्यांना जिना चढताना कठड्यावर हात ठेवून थांबावं लागतं. हजारी चार हा हिशोब सगळ्या वृद्धांना सरसकट धरून केला होता. अशा फुप्फुसांसाठी तो आकडा वर जातो, आणि धोका जितका वर तितका तोच तिसरा हिस्सा मोलाचा होत जातो. सकाळी भदभद्याच्या रस्त्यानं तीन किलोमीटर चालून येणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थानं ‘मला याची फार गरज नाही’ म्हटलं तर मी वाद घालणार नाही, त्याचा फायदा खरोखर थोडा आहे. पण तो हेच वाक्य शेजारच्या वायुपीडित बाईंना ऐकवतो तेव्हा मात्र वाद घालायला हवा. संशयवादाची ही गंमत आहे: तो बोलतात सर्वांत धडधाकट वृद्ध, आणि ऐकून घेतात सर्वांत दुबळे. सिॲटलच्या नोंदींतलं गाढव इथे गल्लीत फिरताना दिसतं.

आता खर्चाचा आक्षेप. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचा भरतीचा खर्च मिळू लागला. नेहरू नगरात पुष्कळांनी त्यासाठीचं वय वंदना कार्ड काढलंही. म्हणजे त्या वयाच्या माणसाची भरती सरकार सोसतं, आणि तिसऱ्या हिश्श्यानं ती टाळू शकणारी सुई त्यानं स्वतःच्या निवृत्तिवेतनातून विकत घ्यायची. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत वृद्धांची नावं जोखमीच्या गटात आहेत, पण राष्ट्रीय लसीकरणाच्या फुकट यादीत त्यांच्यासाठी ही लस नाही. सरकारनं ती घालावी की नाही याचं उत्तर डेन्मार्कहून येणार नाही. त्यासाठी इथल्या दवाखान्यांत धाप लागून येणाऱ्या वृद्धांचे नमुने वर्षभर तपासावे लागतील आणि प्रत्येकाला विचारावं लागेल की लस कधी घेतली, कोणती घेतली. वढू, वल्लभगढ, चेन्नई आणि कोलकाता इथे २०१८ ते २०२० या काळात साठीपुढच्यांचा असा पाठपुरावा झाला, पण तो आजार किती होतो हे मोजण्यासाठी. लस घेणारेच मूठभर असल्यावर लसीचा गुण मोजणार तरी कशावर? भोपाळात आयसीएमआरची पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था आहे, एम्स आहे, वायुपीडितांसाठीचं भोपाळ मेमोरियल आहे. सत्तरीच्या कार्डावर भरतीची नोंद होतेच. त्याच नोंदीत लसीचा महिना आणि खोक्यावरचा गोलार्ध हे दोन रकाने वाढवले, तर आमच्या मंडळींना पुढच्या वादासाठी स्वतःच्या शहराचा आकडा मिळेल.